रोहन बोपण्णा निवृत्त: त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा टप्पा कोणता?

टिळकवाडीकर | २ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९.१०

काल टेनिसपटू रोहन बोपण्णानं निवृत्ती जाहीर केली. काल १ नोव्हेंबर, त्यामुळे बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची फेरी, आणि सगळ्यांचे मोबाईल त्याच फोटोंनी भरलेले. बातमी कुठल्या कुठे बुडाली. आज संध्याकाळी महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल आहे, म्हणजे आजही तिला कोणी विचारणार नाही. म्हणून म्हटलं आपणच धागा काढूया.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वय ४५, मूळचा कोडगूचा (कूर्ग). २००३ पासून व्यावसायिक खेळाडू. २०१० मध्ये पाकिस्तानच्या ऐसाम उल हक कुरेशीबरोबर यूएस ओपनची फायनल, हरले. २०१७ मध्ये फ्रेंच ओपनचं मिश्र दुहेरी, कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर. हे त्याचं पहिलं ग्रँड स्लॅम. २०१८ च्या एशियाडमध्ये दिविज शरणबरोबर सोनं. २०२४ च्या जानेवारीत मॅथ्यू एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन, आणि त्याच दणक्यात डबल्सचा जागतिक नंबर वन, वयाच्या ४३ व्या वर्षी. पुरुषांच्या टेनिसमध्ये इतक्या वयाचा नंबर वन आजवर झाला नाही. नुकताच पॅरिसला अलेक्झांडर बुब्लिकबरोबर शेवटचा सामना खेळला.

प्रश्न साधा आहे. यातला सगळ्यात मोठा टप्पा तुमच्या मते कोणता? माझं मत नंबर वन. काल कट्ट्यावर हे बोललो तर एक मित्र म्हणाला, "डबल्स म्हणजे ज्याला सिंगल्स जमत नाही त्याचा खेळ, त्याचं काय एवढं कौतुक करालाय?" मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. इथे कोणाला सुचतंय का बघूया.

---

निपाणीचा_गडी | सकाळी ९.१८

पहिला नंबर माझा! 😀 जागा धरून ठेवतो, मॅच बघून आलो की लिहितो.

---

बेसलाइन | सकाळी ९.४५

धागाकर्त्यांच्या मित्राच्या बाजूनं कोणीतरी बोललं पाहिजे, म्हणून मी.

बोपण्णाचं सिंगल्समधलं सर्वोत्तम रँकिंग २१३, तेही २००७ मधलं. सर्व्हिस जबरदस्त, उंची सहा फूट चार इंच, पण पायांची हालचाल त्या तोडीची नव्हती. सिंगल्समध्ये वर जाता येईना म्हणून तो डबल्सकडे वळला. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण मग 'नंबर वन' म्हणताना जरा जपून म्हणा. जोकोविच, अल्काराझ डबल्स नेमानं खेळत नाहीत. ते खेळले असते तर यादी कशी दिसली असती?

आणि बाजार काय भाव देतो तेही बघा. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला सिंगल्सच्या विजेत्याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते. डबल्सच्या जोडीला ७ लाख ३० हजार, आणि ते दोघांत वाटून घ्यायचे. स्पर्धा भरवणाऱ्यांनीच किंमत ठरवली आहे, मी नाही.

---

नेटजवळ | सकाळी १०.३०

@बेसलाइन, पैशाचं पटलं, बाकीचं नाही.

सिंगल्सचे मोठे खेळाडू डबल्सला उतरले की दर वेळी जिंकतात असं दिसत नाही. डबल्समध्ये अर्धा खेळ पहिल्या तीन फटक्यांत संपतो. सर्व्हिस, रिटर्न आणि नेटवरची पहिली व्हॉली. बेसलाइनवर उभं राहून वीस फटक्यांची रॅली करणाऱ्याला तिथे वेळच मिळत नाही. सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार नेटवर उभा असतो. तो पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो, सर्व्हिस कुठे टाकायची आणि मी आडवा जाणार की जागेवर थांबणार. समोरच्यानं रिटर्न मारायच्या आत त्यानं धाव घेतलेली असते. अर्धा सेकंद लवकर निघाला तर कडेची पट्टी मोकळी, उशीर झाला तर चेंडू गेला.

शिवाय टूरवर डबल्सला ४०-४० झाल्यावर ॲडव्हान्टेज नाही. एकच पॉइंट, गेम ज्याचा त्याचा. सेट १-१ झाले तर तिसरा सेटच नाही, दहा पॉइंटांचा सुपर टायब्रेक. म्हणजे चूक भरून काढायला जागाच ठेवलेली नाही. (ग्रँड स्लॅममध्ये नियम वेगळे, तिथे तिसरा सेट पूर्ण खेळतात.) अशा खेळात वीस वर्षं टिकणं म्हणजे उरलेल्यांचा खेळ नव्हे.

---

सुलभा_खानापूर | सकाळी १०.५२

मला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही, यजमान लावतात म्हणून बघते. एक शंका. डबल्स दोघं मिळून खेळतात, मग नंबर वन एकटाच कसा होतो? दुसऱ्यानं काय पाप केलं?

---

नेटजवळ | सकाळी ११.०५

@सुलभाताई, शंका रास्त आहे. पॉइंट जोडीला मिळतात पण जमा होतात प्रत्येकाच्या खात्यावर. मागच्या ५२ आठवड्यांचा हिशोब असतो. ग्रँड स्लॅम जिंकलं की दोघांना दोन-दोन हजार. पण वर्षभर दोघं प्रत्येक स्पर्धा एकत्रच खेळतात असं नाही. एखादा आठवडा कोणी दुखापतीमुळे बसतो, कोणी दुसऱ्याबरोबर खेळतो, म्हणून खाती वेगळी होतात.

---

सुलभा_खानापूर | सकाळी ११.०९

म्हणजे एकत्र कुटुंब पण बँक पासबुक वेगळं. समजलं 😄

---

अथणीचा_अण्णा | सकाळी ११.४०

हसून पुरेवाट, सुलभाताई.

---

मलप्रभेकाठी | दुपारी १२.२०

माझं मत डेव्हिस कप, म्हणजे देशांच्या संघांची स्पर्धा. आणि तोही एक ठरावीक सामना.

सप्टेंबर २०१०, चेन्नई. भारत विरुद्ध ब्राझील, वर्ल्ड ग्रुप या सगळ्यात वरच्या गटात राहण्यासाठीचा प्लेऑफ. पहिल्या दिवशी दोन्ही सिंगल्स गेले. बोपण्णा ब्राझीलच्या बेलुचीकडून पाच सेटमध्ये हरला होता. दुसऱ्या दिवशी पेस-भूपतीनं डबल्स जिंकलं. तिसऱ्या दिवशी सोमदेवच्या सामन्यात बेलुचीनं उष्म्यापुढे हात टेकले आणि सामना सोडला. २-२. शेवटचा सामना बोपण्णा विरुद्ध रिकार्डो मेलो. सिंगल्स हं. ज्याला 'सिंगल्स जमत नाही' म्हणताय तो. सरळ तीन सेटमध्ये जिंकला आणि भारत ०-२ वरून ३-२.

आता तारखा बघा. त्याच महिन्याच्या १० तारखेला तो न्यूयॉर्कला यूएस ओपनची फायनल ब्रायन बंधूंकडून हरला होता, दोन्ही सेट टायब्रेकला. तिथून विमानानं चेन्नईच्या दमट हवेत, आणि १९ तारखेला पाचवा सामना. पुढच्या वर्षी भारत वर्ल्ड ग्रुपमध्ये राहिला तो यामुळे. रँकिंगच्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही.

---

बेसलाइन | दुपारी १२.४४

@मलप्रभेकाठी, हा मुद्दा मान्य. पण मेलो काही फेडरर नव्हता हो.

---

मलप्रभेकाठी | दुपारी १२.४८

आणि चेन्नई म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे.

---

कॅम्पातला_जुना | दुपारी १.१५

न्यूयॉर्कच्या त्या फायनलविषयी एक राहिलं. भारत आणि पाकिस्तान, दोन्ही देशांचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत त्या दिवशी शेजारी बसून सामना बघत होते. 'इंडो-पाक एक्स्प्रेस' म्हणायचे जोडीला. 'युद्ध थांबवा, टेनिस सुरू करा' असं लिहिलेले कपडे घालून ही दोघं खेळायची. आता पंधरा वर्षांनी असल्या फोटोची कल्पनाही करवत नाही. दोन राज्यांतली भांडणं मिटता मिटत नाहीत तिथे दोन देशांचं काय घेऊन बसलात.

---

घटप्रभा_एक्स्प्रेस | दुपारी १.३०

आला, मुद्दा फिरून सीमाप्रश्नावर आला. मी वाटच बघत होतो. 🍿

---

शहापूरची_सून | दुपारी १.५२

आलाच आहे तर विचारूनच टाकते. आमच्या घरी काल याच्यावरूनच जुंपली. सासरे म्हणाले, कर्नाटकचा खेळाडू आहे, त्याचं बंगळूरवाले करतील कौतुक, आपण कशाला? दीर म्हणाले, मग कुंबळे, द्रविड खेळायचे तेव्हा टीव्ही का फोडला नाहीत? सासरे गप्प. आता त्यांना काय सांगू ते सुचवा, संध्याकाळी परत विषय निघणार आहे.

---

कॅम्पातला_जुना | दुपारी २.१०

@शहापूरची_सून, सासऱ्यांना सांगा की बोपण्णा घडला पुण्यात. शाळेच्या वयात तो पुण्याला नंदन बाळ यांच्याकडे शिकायला आला. म्हणजे कोडव घरातला मुलगा, मराठी गुरू, पुण्याची कोर्टं. बंगळूरला अकादमी काढली ती नंतर. आणि पुढे ऐका. २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीला एटीपीची (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची) स्पर्धा झाली, महाराष्ट्र ओपन, ती त्यानं रामकुमार रामनाथनबरोबर जिंकली. एवढं सांगितलंत की ते स्वतःच त्याला महाराष्ट्र एकीकरण समितीचं सदस्यत्व देतील.

---

निपाणीचा_गडी | दुपारी २.१६

😂😂 नाद खुळा उत्तर

---

गोकाकवाला | दुपारी २.४०

@कॅम्पातला_जुना, हे काही बरोबर नव्हे री. नंदन बाळ यांचं श्रेय त्यांना आहेच, पण आता तो आमचा की तुमचा यावर ओढाताण कशाला? त्यानं डेव्हिस कप २००२ पासून २०२३ पर्यंत भारतासाठी खेळला. मी कन्नड शाळेत शिकलो, घरी मराठी बोलतो, लग्न हुबळीत केलं. मला कोणत्या बाजूला टाकणार?

---

कॅम्पातला_जुना | दुपारी २.४५

@गोकाकवाला, तुम्हाला मिश्र दुहेरीत टाकणार. हलके घ्या.

---

शहापूरची_सून | दुपारी ३.०५

मिश्र दुहेरीवरून आठवलं, ऋतुजा भोसलेचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? २०२३ च्या हांगझोऊ एशियाडला तिच्याबरोबर खेळून त्यानं सोनं मिळवलं. ती आपली नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरची. फायनलला चायनीज तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गेला होता, मग दुसरा ६-३, आणि सुपर टायब्रेक १०-४. पुरुष दुहेरीत तो युकी भांब्रीबरोबर लवकरच बाहेर पडला होता, म्हणजे उरलेली सगळी आशा या जोडीवर. मी तो सामना ऑफिसात चोरून मोबाईलवर बघितला. ऋतुजा सुरुवातीला जाम घाबरलेली वाटत होती. तो प्रत्येक पॉइंटनंतर तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलायचा, पॉइंट गेला तरी.

माझ्यासाठी टप्पा हाच. नंबर वन होणारे पुष्कळ. ४३ व्या वर्षी सोळा वर्षांनी लहान जोडीदाराला सांभाळून सोनं काढणारा एखादाच.

---

बेसलाइन | दुपारी ३.२०

@शहापूरची_सून, छान लिहिलंत. पण हाच बोपण्णा २०१२ च्या ऑलिंपिकला काय करून बसला तेही लिहा की. टेनिस संघटनेनं एक जोडी ठरवली, भूपती म्हणाला पेसबरोबर खेळणार नाही, यानंही तेच म्हटलं. शेवटी भूपती-बोपण्णा एक जोडी, पेसला विष्णुवर्धन देऊन दुसरी. दोन्ही जोड्या दुसऱ्या फेरीत घरी. २०१६ ला रिओमध्ये पेस-बोपण्णा एकत्र आले ते पहिल्याच फेरीत गारद. सानियाबरोबर मिश्रमध्ये कांस्यपदकाचा सामना हरला, चौथा. २०२४ ला पॅरिसमध्ये श्रीराम बालाजीबरोबर पुन्हा पहिली फेरी. ऑलिंपिकचा रकाना रिकामाच राहिला. टप्पे मोजायचे तर न गाठलेलेही मोजा.

---

मलप्रभेकाठी | दुपारी ३.४१

रकाना रिकामा हे खरं. पण २०१२ ची भानगड संघटनेनं ज्या पद्धतीनं हाताळली त्याचा दोष खेळाडूंच्या माथी किती मारायचा? पेस आणि भूपतीचं आपसात जुळत नव्हतं हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक होतं. दोन मोठ्या भावांच्या भांडणात धाकटा सापडला.

---

बेसलाइन | दुपारी ३.४६

धाकटा तेव्हा ३२ वर्षांचा होता.

---

अथणीचा_अण्णा | संध्याकाळी ४.१०

पाऊस आहे म्हणे नवी मुंबईत. टॉसला उशीर. तोवर चालू दे तुमचं.

---

लेकीचा_बाबा | संध्याकाळी ४.३५

थोडं अवांतर, पण धाग्याला धरूनच आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, टेनिस शिकते. बेळगावात राहतो. प्रशिक्षक म्हणतात हात चांगला आहे. तुम्ही सगळे वरच्या टप्प्यांवर बोलताय, मला खालचे टप्पे कोणी सांगेल का? म्हणजे इथून सुरुवात केली तर पुढे काय काय असतं, कुठे कळतं की हे जमणार की नाही? बायको म्हणते दहावीपर्यंत खेळू दे, मग बघूया.

---

धारवाडचा_लाइनमन | संध्याकाळी ५.२०

@लेकीचा_बाबा, मी कॉलेजात असताना राज्य पातळीपर्यंत खेळलो, नंतर स्पर्धांना लाइनवर उभा राहायचो. जे बघितलं ते सांगतो.

पहिला टप्पा म्हणजे अखिल भारतीय संघटनेत नोंदणी आणि वयोगटाच्या स्पर्धा. १२ खालील, १४ खालील. पोरगी राज्याबाहेर खेळायला लागली की खरा खर्च सुरू होतो, आणि एक पालक कायम प्रवासात. आपल्याकडून बंगळूर म्हणजे राणी चन्नम्मानं एक रात्र, पुणे म्हणजे साडेतीनशे किलोमीटर. कोल्हापूर जवळ आहे, त्याला कमी लेखू नका. तिथल्या जिल्ह्यातली ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या १४ वर्षांखालच्या स्पर्धेत खेळून आली.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा. मग प्रौढांच्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा, मुलांच्या असतील तर एम १५, एम २५, मुलींच्या डब्ल्यू १५ पासून पुढे. तो आकडा म्हणजे स्पर्धेची पातळी. मुलांचं गणित सांगतो कारण ते मला नीट ठाऊक आहे. एम १५ ला मुख्य ड्रॉमधली पहिली फेरी जिंकली की एक एटीपी पॉइंट. एक! अख्खी स्पर्धा जिंकली की १५. आणि ऑस्ट्रेलियन ओपनला दोन हजार. या दोन आकड्यांच्या मधे जगभरातली हजारो पोरं अडकलेली आहेत.

२०२३ मध्ये आमच्या धारवाडला २५ हजार डॉलरची पुरुषांची स्पर्धा झाली. मी नुसता बघायला गेलो होतो. पात्रता फेरीतली पोरं हॉटेलचे पैसे वाचवायला एका खोलीत तिघं-चौघं राहतात, एकमेकांचे सराव जोडीदार होतात आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांविरुद्धच खेळतात. हरलेला पोरगा त्याच संध्याकाळी पुढच्या गावची गाडी शोधत असतो. तिथे एक जण कोपऱ्यात बसून रॅकेटचं ग्रिप सोडवत होता, इतकं जपून, की ते दुसऱ्या रॅकेटवर परत चढवता यावं. नवी ग्रिप किती रुपयांना येते तुम्हाला माहीत आहे. अशा ठिकाणी पहिला पॉइंट मिळणं हा टप्पा, बाकी सगळं नंतर.

मुलगी नऊची आहे ना? १४ पर्यंत कशाचीही चिंता करू नका. पाय आणि श्वास तयार होऊ दे. रोज तोच तो फोरहँड मारून घेणाऱ्या प्रशिक्षकापेक्षा धावायला लावणारा बरा.

---

लेकीचा_बाबा | संध्याकाळी ५.४०

मनापासून आभार. बायकोला वाचायला दिलं. ती म्हणाली, "एक पॉइंट?" आणि चहा ठेवायला गेली.

---

सुलभा_खानापूर | संध्याकाळी ५.५५

बाबा, गटिंगचं (रॅकेटला तार ओवण्याचं) काय करता? आमच्या भाच्याच्या वेळी रॅकेटची तार तुटली की ती कोल्हापूरला जाणाऱ्या कोणाच्या तरी हातात द्यावी लागायची. चार दिवस पोरगा रिकामा.

---

लेकीचा_बाबा | संध्याकाळी ६.००

आता मशीनवर होतं ताई इथेच. पण प्रत्येक वेळी ताण सारखाच निघतो असं नाही. लहान पोरांना सध्या तेवढं कळत नाही म्हणून चालतंय.

---

निपाणीचा_गडी | ३ नोव्हेंबर, रात्री १२.३५

जिंकलोऽऽऽऽ!!! वर्ल्ड कप!!! आमच्या शेजारची सांगलीची स्मृती आणि सगळ्या पोरी!!! 🇮🇳🇮🇳 निपाणीत फटाके, झोप नाही कोणाला. बोपण्णाचं उद्या लिहितो.

---

घटप्रभा_एक्स्प्रेस | रात्री १२.४१

धाग्याचा विषय बघ की भावा. (मीपण नाचालोय.)

---

रेल्वेगेट_३ | ३ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

सगळा धागा एका दमात वाचला. एक टप्पा कोणीच लिहिला नाही, तो लिहितो.

२०२१ च्या सुरुवातीला या माणसानं पाच महिने एकही सामना जिंकला नव्हता. वय ४१. गुडघ्यांतली कूर्चा संपलेली, म्हणजे हाडावर हाड. त्यानंच नंतर सांगितलंय की पोर्तुगालमध्ये समुद्राकडे बघत बसला असताना विचार यायचा, हे सगळं कशासाठी, घरी बायको आणि लहान मुलगी आहे. त्या वेळी तो थांबला असता तर एक मिश्र दुहेरीचं ग्रँड स्लॅम आणि बऱ्याच चांगल्या फायनल, एवढ्यावर हिशोब बंद झाला असता. पेस, भूपती, सानियानंतरचं चौथं नाव, आणि खाली एक ओळ.

तो थांबला नाही. अय्यंगार योग सुरू केला होता तो नेमानं धरला. तेही गंमतशीर आहे, अय्यंगार गुरुजी जन्मले कोलार जिल्ह्यात आणि आयुष्य काढलं पुण्यात. (@कॅम्पातला_जुना, हेही सासऱ्यांना सांगण्याच्या यादीत टाका.) दोऱ्या, खुर्च्या, पट्टे घेऊन करायची ती आसनं, त्यानं मांड्या आणि पोटऱ्यांचा जोर वाढला आणि गुडघ्यावरचा भार कमी झाला असं तो सांगतो. वेदना थांबवणाऱ्या गोळ्या सुटल्या.

मग बघा काय झालं. २०२३ मार्चमध्ये इंडियन वेल्स, वय ४३, मास्टर्स १००० (ग्रँड स्लॅमखालोखालची स्पर्धा) जिंकणारा सगळ्यात वयस्क. आधीचा मान डॅनियल नेस्टरचा होता, ४२ व्या वर्षी. एका वर्षानं मायामी जिंकून त्यानं स्वतःचाच विक्रम मोडला, ४४ व्या वर्षी. मधे यूएस ओपनची फायनल आणि ऑस्ट्रेलियन ओपन. त्याच्या सहा मास्टर्स १००० पैकी चार चाळिशीच्या आतली, दोन नंतरची.

माझा जिना चढताना गुडघा वाजतो. मी ४४ चा आहे. त्यामुळे माझं मत २०२१ ला, ज्या वर्षी तो काहीच जिंकत नव्हता.

---

अथणीचा_अण्णा | सकाळी १०.३०

+१. मी ५१ चा, माझे दोन्ही वाजतात, स्टिरिओ.

---

नेटजवळ | सकाळी ११.००

@रेल्वेगेट_३, उत्तम. यूएस ओपन २०२३ ची फायनल निघालीच आहे तर एक क्षण सांगतो. राजीव राम आणि सॅलिसबरीविरुद्ध, तिसरा सेट, सामना निसटत चाललेला. एका पॉइंटला चेंडू नेटपलीकडे जाताना बोपण्णाच्या हाताला पुसटसा चाटून गेला. पंचांना दिसलं नाही, समोरच्यांनी अपील केलं नाही. हा स्वतः गेला आणि म्हणाला, मला लागलाय, पॉइंट त्यांचा. ग्रँड स्लॅमची फायनल, पुरुष दुहेरीचं एकही स्लॅम तोवर नावावर नाही, वय ४३. हरले ती फायनल. चार महिन्यांनी मेलबर्नला जिंकले.

---

बेसलाइन | सकाळी ११.२०

ते मी लाइव्ह बघितलंय. रात्री उशिरा एकटाच होतो आणि तोंडातून 'अरे!' निघालं. तरीही माझं मत बदललेलं नाही. सिंगल्सचा नंबर वन आणि डबल्सचा नंबर वन एका तराजूत नाहीत. पण माणूस म्हणून कुठल्या तराजूत घालायचा तो प्रश्न वेगळा.

---

गोकाकवाला | सकाळी ११.४४

बेसलाइन, तुम्ही दोन ओळीत हरलात आणि कबूल करत नाही आहात 🙂

---

बेसलाइन | सकाळी ११.४६

टायब्रेक चालू आहे अजून.

---

टिळकवाडीकर | ३ नोव्हेंबर, रात्री ९.०५

सगळे प्रतिसाद वाचले. आज कट्ट्यावर त्या मित्राला गाठलं. नेटजवळ यांचं तीन फटक्यांचं आणि मलप्रभेकाठी यांचं चेन्नईचं, दोन्ही ऐकवलं. चेन्नईला तो थोडा गप्प झाला, मग म्हणाला, "सिंगल्स जिंकला म्हणून कौतुक करताय ना? मग माझंच म्हणणं खरं झालं की!" आता यावर काय बोलणार.

माझं नंबर वनचं मत मात्र हललंय, आणि रेल्वेगेट यांच्यामुळे हललंय. पण २०२१ ला मी मत देणार नाही, कारण त्या वर्षी आणखी शेकडो खेळाडू हरत होते आणि चिकटून राहिले होते, त्यांचं पुढे काही झालं नाही म्हणून आपल्याला ती नावं माहीत नाहीत. मी मेलबर्नच्या फायनलला मत देतो. बोलेली-वाव्हासोरीविरुद्ध पहिला सेट टायब्रेकला गेला आणि तो ७-० असा जिंकला. शून्य! दुसरा ७-५. नंबर वनची खात्री क्वार्टर फायनललाच झाली होती, म्हणजे त्या दिवशी रँकिंगसाठी खेळायचं काही उरलं नव्हतं. फक्त ते एक स्लॅम.

@लेकीचा_बाबा, तुम्ही कुठल्या कोर्टवर असता सकाळी? माझा भाचा सातवीत आहे, त्याला सरावाला जोडीदार नाही. मुलगी लहान असली तरी चालेल, तो तसा फार काही ग्रेट नाही.

---

लेकीचा_बाबा | रात्री ९.२२

व्यक्तिगत निरोप केलाय. शनिवारी साडेसहाला या. भाच्याला आधीच सांगून ठेवा, ती हरली की रॅकेट टाकते आणि जिंकली की दुप्पट जोरात ओरडते.

---

निपाणीचा_गडी | रात्री ९.३०

मी लिहितो म्हणालो होतो ना, हे घ्या: बोपण्णा लई भारी. संपलं.